एसटीने कंधारचं तळं

आल्प्समधल्या निळ्या तळ्यांचे रील बघून उसासे टाकणाऱ्यांनो, नांदेडहून लोह्यामार्गे जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर कंधार आहे! तिथला जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजारएक वर्षं जुना. 'जगत्तुंग' ही राष्ट्रकूट राजांची उपाधी. नैसर्गिक सरोवर नव्हे, माणसांनी बांधलेला तलाव. मराठवाड्यात पाणी अडवावंच लागतं, हे त्यांनाही कळलं होतं.

नांदेडच्या बसस्थानकावरून सकाळचीच एसटी धरा. लातूरकरांनी अहमदपूरमार्गे नांदेडची गाडी पकडून लोह्याला उतरायचं, तिथून कंधार. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत; म्हणजे आजीला न्यायला निमित्त नको.

आधी किल्ला बघा. हा भुईकोट, त्यामुळे चढण नाही. भोवतीचा रुंद खंदक मला तर तटबंदीपेक्षा जास्त आवडतो. ऊन कललं की तळ्याकडे. पावसाळा सरताना जा, मे महिन्यात नको. भाकरी-ठेचा घरूनच न्या, पाण्यात मात्र उतरू नका. आणि हो, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. मी एकदा विसरलो होतो. लोह्यापर्यंत काळीपिवळीत चौदावा प्रवासी होतो.