टॉनिकपासून कॉर्टिसॉलपर्यंत : पूरकांच्या पाऊण शतकाचा मागोवा

नागपुरातील गांधीबाग कापडाच्या ठोक बाजारासाठी ओळखली जाते. पण विदर्भातील औषध दुकानदारांच्या लेखी तिचे महत्त्व वेगळे आहे. गांधीबाग-गंजीपेठ पट्ट्यातील दवाबाजारातून औषधांचा ठोक पुरवठा होतो, लगतच्या इतवारीत किराणा आणि काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत आणि मेयो रुग्णालयही जवळच आहे. एकच वनस्पती या परिसरात तीन रूपांत मिळते. अश्वगंधेचे सुटे मूळ काष्ठौषधीवाल्याकडे, आयुर्वेदिक परवान्याखाली तयार झालेले चूर्ण औषध दुकानात आणि अर्काची कॅप्सूल अन्नपूरकांच्या फळीवर. मूळ तेच, दावा, कायदा आणि पुरावा मात्र तिन्हींचा निराळा. गेल्या पाऊण शतकात पूरकांवरचा दावा शक्तीकडून ताणाकडे आणि तेथून कॉर्टिसॉल व दाहाकडे सरकत गेला. पुरावाही पुढे गेला, पण दाव्याच्या वेगाने नाही.

ताण आणि दाह यांचे शास्त्र

या दाव्यांचा शास्त्रीय पाया 1930 ते 1950 या काळात घातला गेला. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन सापडले. शरीरात दाह असला की यकृत ते अधिक प्रमाणात तयार करते. आजही ‘सीआरपी’ ही दाह मोजण्याची सर्वाधिक वापरातली तपासणी आहे. 1936 मध्ये शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतील छोट्या टिपणात दाखवले की थंडी, इजा, विषारी द्रव्य अशा अगदी भिन्न आघातांना उंदरांचे शरीर जवळपास एकच प्रतिसाद देते आणि त्यात अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात. ताणाचा शरीरशास्त्रीय अभ्यास येथून रुळला. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि सुजलेले सांधे काही दिवसांत मोकळे झाले. 1950 चे वैद्यकाचे नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशश्टाइन यांना मिळाले.

ताण जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथीला संदेश देते. त्यातून कॉर्टिसॉल स्रवते. ते रक्तातील साखर वाढवते आणि दाह दाबते. म्हणजे कॉर्टिसॉल हे मुळात दाहशामक संप्रेरक आहे. ताण दीर्घकाळ टिकला की प्रतिकारपेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात, आणि मग कॉर्टिसॉल असूनही दाह रेंगाळतो. त्यामुळे ‘कॉर्टिसॉल कमी झाले म्हणजे दाह कमी झाला’ हे समीकरण सरसकट लागू होत नाही. शिवाय निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. नमुना कोणत्या वेळी घेतला हे माहीत नसेल तर आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

टॉनिकचा काळ

स्वातंत्र्याच्या आसपासच्या बाजाराला या संप्रेरकांशी देणेघेणे नव्हते. विकली जात होती ती शक्ती, भूक आणि आजारातून उठल्यावरची उभारी. 1917 मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवनाने 1940 च्या दशकात नागपुरात कारखाना काढला आणि च्यवनप्राश, आसव-अरिष्टे, चूर्णे यांचे उत्पादन शहरातच होऊ लागले. ग्रेट नाग रोडवरच्या चौकाला बैद्यनाथ चौक हे नाव पडले ते याच कारखान्यामुळे.

अ‍ॅलोपॅथीच्या बाजूने बी-कॉम्प्लेक्स आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या. ताणाचा शिक्का त्यांच्यावर अमेरिकेत बसला. 1952 मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका अहवालाने गंभीर भाजणे, मोठी इजा किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ही जीवनसत्त्वे जास्त मात्रेत देण्याची शिफारस केली होती. औषध कंपन्यांनी हाच तर्क कचेरीतल्या थकव्याला लावला आणि ‘स्ट्रेस फॉर्म्युला’ नावाचा प्रकार जन्माला आला. शिफारस होती शारीरिक आघाताची. विक्री झाली मानसिक ताणावर. दाव्याने पुराव्याला मागे टाकल्याचे हे या इतिहासातील पहिले ठळक उदाहरण.

कायद्यानेही याच काळात आकार घेतला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 मध्ये आला. आयुर्वेदिक औषधांसाठी मूळ कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले ते 1964 च्या दुरुस्तीने. शास्त्रोक्त ग्रंथातील पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाची नव्याने रुग्णांवर चाचणी घेण्याची सक्ती नव्हती. ग्रंथाचा आधार पुरेसा मानला गेला.

वनस्पती प्रयोगशाळेत

1947 मध्ये सोव्हिएत औषधशास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी आघाताला तोंड देण्याची शरीराची क्षमता वाढवणाऱ्या द्रव्यांसाठी ‘अ‍ॅडाप्टोजेन’ ही संज्ञा वापरली. 1969 मध्ये ब्रेखमान आणि दार्दिमोव्ह यांनी ती जगापुढे मांडली. आयुर्वेदातील रसायन वर्गाशी तिचे साम्य भारतीय संशोधकांच्या लक्षात आले.

हळदीचे काम आधी सुरू झाले. 1973 मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी हळदीतील कर्क्युमिन हे स्टेरॉइड नसलेले दाहशामक असल्याचे प्राण्यांवर दाखवले. 1980 मध्ये देवधर आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या 18 रुग्णांमध्ये त्याची फेनिलब्युटाझोन या दाहशामक औषधाशी तुलना केली. 1986 मध्ये सातोसकर, शाह आणि शेणॉय यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर कर्क्युमिन तपासले. या चाचण्या लहान होत्या, पण प्रश्न नेमका होता: मोजता येणारी सूज कमी होते का?

रसायनांचा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात हाती घेतला गेला. औषधशास्त्राच्या प्राध्यापक आणि मराठीत वनस्पतींवर लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि डॉ. निर्मला रेगे यांच्या गटाने गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा या सहा रसायनांचे प्रमाणित अर्क प्राण्यांना देऊन नंतर त्यांना जैविक, भौतिक आणि रासायनिक आघात दिले. सहाही वनस्पतींनी संरक्षण दिल्याचे त्यांच्या 1999 च्या निबंधात नोंदले आहे. पूरकांच्या जाहिरातीत हल्ली दिसणाऱ्या बऱ्याच वनस्पती या यादीतल्याच आहेत. मात्र हा निष्कर्ष प्राण्यांपुरता होता.

याच दशकात हळद न्यायाच्या दारातही उभी राहिली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट 1995 मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने लेखी पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. पुढे 2016 मध्ये नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद कर्क्युमिनच्या जास्त प्रमाणासाठी नावाजलेली आहे.

पण पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारसे उतरत नाही, ही अडचण कायम होती. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसात त्याची उपलब्धता 20 पटींनी वाढल्याचे दाखवले. हळद-मिरीच्या आजच्या असंख्य कॅप्सूलचे मूळ या प्रयोगात आहे.

पुण्यातील कसोटी

माणसांवरची अधिक काटेकोर तपासणी पुण्यात झाली. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि डॉ. भूषण पटवर्धन यांच्या गटाने अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचे मिश्रण गुडघेदुखीच्या 90 रुग्णांवर 32 आठवडे, प्लासिबोच्या, म्हणजे औषधविरहित गोळीच्या, तुलनेत तपासले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वेदना आणि हालचाल दोन्हींत सुधारणा होती. विदर्भाच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या सालईचा डिंक त्यातला एक घटक होता.

2013 मध्ये याच दिशेची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीच्या 440 रुग्णांमध्ये आयुर्वेदिक सूत्रांची ग्लुकोसामाइन हे पूरक आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक यांच्याशी तुलना केली गेली आणि परिणाम तुल्यबळ निघाला. मात्र आयुर्वेदिक सूत्रे घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताचे एसजीपीटी हे विकर वाढल्याने त्यांना चाचणीतून काढावे लागले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. परिणाम असलेल्या द्रव्याला दुष्परिणामही असू शकतो, हे येथे काळजीपूर्वक नोंदले गेले. पुढच्या दशकात या नोंदीचे महत्त्व वाढले.

अन्नपूरकांचा कायदा आणि कॉर्टिसॉलचा आकडा

2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने पूरकांना अन्नाच्या चौकटीत आणले आणि 2016 मध्ये त्यांचे सविस्तर नियम आले. वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना आवश्यक ठरली आणि जीवनसत्त्वांची मात्रा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शिफारस केलेल्या दैनिक गरजेला बांधली गेली. अश्वगंधा मात्र दोन्ही घरांत राहिली: आयुर्वेदिक औषध म्हणूनही आणि अन्नपूरक म्हणूनही.

याच काळात अश्वगंधेच्या अर्कांच्या चाचण्यांत कॉर्टिसॉल मोजले जाऊ लागले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ताणग्रस्त 64 प्रौढांवरील चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम अर्क 60 दिवस दिल्यावर सकाळचे कॉर्टिसॉल सुमारे 28 टक्के घटले. प्लासिबो गटात ही घट सुमारे 8 टक्के होती. 2019 मध्ये 60 प्रौढांवर 240 मिलिग्रॅमच्या दुसऱ्या अर्काने 23 टक्के घट दाखवली. ताणाच्या प्रश्नावलीतील गुणही सुधारले. दिशा एकच असली तरी मर्यादाही सारख्याच आहेत. सहभागी थोडे, कालावधी दोन महिन्यांचा आणि अशा अनेक चाचण्यांना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचेच पाठबळ. शिवाय प्रत्येक कंपनीचा अर्क वेगळा. एका अर्काचा निकाल दुसऱ्या डबीवर किंवा सुट्या मुळाच्या चूर्णावर चिकटवता येत नाही.

माशाच्या तेलातील ओमेगा-3 बाबत ताण आणि दाह एकत्र मोजले गेले. 2011 मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठातील 68 वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये त्याने दाहाचा निर्देशक असलेले इंटरल्यूकिन-6 सुमारे 14 टक्क्यांनी कमी केले. 2021 मध्ये त्याच विद्यापीठात जादा वजनाच्या 138 प्रौढांना चार महिने ओमेगा-3 देऊन नंतर मुद्दाम ताण दिला गेला; रोज 2.5 ग्रॅम घेणाऱ्यांचे कॉर्टिसॉल प्लासिबो गटापेक्षा 19 टक्क्यांनी कमी राहिले. ही मात्रा बाजारातल्या नेहमीच्या एका कॅप्सूलमध्ये नसते.

ड जीवनसत्त्वाची सर्वांत मोठी परीक्षा 25,871 अमेरिकी प्रौढांवर झाली. 2018 च्या निकालात कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत. 2022 मध्ये आलेल्या विश्लेषणात स्वप्रतिकार रोगांचे प्रमाण 22 टक्क्यांनी कमी दिसले.

कोविड आणि यकृत

2020 मध्ये च्यवनप्राश, गुळवेल, क जीवनसत्त्व आणि झिंक यांची मागणी उसळली. क जीवनसत्त्व आणि झिंकच्या मोठ्या मात्रा कोविडच्या 214 रुग्णांवर तपासल्या गेल्या. 2021 च्या निकालात लक्षणांच्या कालावधीत ठोस फरक आढळला नाही. त्याउलट कॉर्टिसॉलच्याच वर्गातील डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. ज्या संप्रेरकाला जाहिरातींनी शत्रू ठरवले होते, त्याचाच भाऊबंद प्राणरक्षक ठरला. पण तेच द्रव्य गरज नसताना वा जास्त दिवस दिल्यावर साखर वाढली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराला वाट मिळाली; 2021 च्या उन्हाळ्यात नागपूरने त्याचे अनेक रुग्ण पाहिले.

2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवर शंका घेत हा निष्कर्ष नाकारला. 2022 मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची माहिती मांडली. अश्वगंधेबाबत आइसलँड व अमेरिकेतून 2020 मध्ये आणि भारतातून 2023 मध्ये अशाच नोंदी आल्या. 2022 मध्ये अमेरिकेत हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत मिरीचा अंशही होता. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि शोषण वाढवलेला अर्क यांतला फरक येथे कळीचा ठरतो. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पाने टाळून मूळच वापरण्यास सांगितले. 2023 मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली.

पाऊण शतकाचा हिशोब

कमतरता भरून काढणाऱ्या पूरकांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे: रक्तक्षयात लोह, तपासणीत कमी आढळल्यास ब-12 किंवा ड. अश्वगंधेच्या काही अर्कांनी ताणाची जाणीव आणि कॉर्टिसॉल दोन्ही अल्पकाळ कमी होतात, एवढे म्हणता येते. त्यामुळे एखादा आजार टळतो, हे सिद्ध झालेले नाही. कर्क्युमिन आणि सालईचा गुडघेदुखीवरील उपयोग मध्यम दर्जाच्या पुराव्यावर उभा आहे. ताणामुळे अधिवृक्क ग्रंथी ‘दमतात’ या लोकप्रिय कल्पनेला 2016 च्या पद्धतशीर आढाव्यात आधार सापडला नाही.

काही गटांना धोका अधिक असतो. यकृताचा विकार, गरोदरपण, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारे औषध किंवा स्टेरॉइड चालू असताना ही पूरके डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार भारतात वारंवार उघड झाले आहेत. त्यांनी चमत्कारासारखा आराम पडतो. पण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तयार होणे मंदावते आणि पुडी एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. त्यामुळे खरेदी करताना उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, वनस्पतीचा भाग, अर्काचे प्रमाण आणि मात्रा या पाच गोष्टी वेष्टनावर पाहणे आवश्यक ठरते.