पहिला दिवाळसण आणि यजमानाचें कर्तव्य

दिवाळी जवळ आली म्हणजे ज्यांच्या घरीं नुकताच कन्येचा विवाह झाला आहे अशा गृहस्थांच्या मुखावर आनंदाबरोबरच चिंतेचीही छटा दिसूं लागते. जांवयास पहिल्या दिवाळसणास बोलवावयाचें, त्याच्या आईबापांस मानानें घरीं आणावयाचें, आणि दोन्ही कुटुंबांनीं एकत्र बसून गोडाधोडाचें जेवावयाचें, ही आपल्या महाराष्ट्रांतील चाल जुनी आहे व मुळांत फार चांगलीही आहे. लग्नाच्या धांदलींत ज्यांना एकमेकांशीं चार शब्द बोलण्यासही सवड झाली नाहीं, तीं माणसें येथें प्रथम स्वस्थपणें भेटतात. हा हेतु कोणास नको आहे? परंतु हेतु एक व व्यवहार दुसरा, असा जो प्रकार आपल्या पुष्कळ रूढींचा झाला आहे तोच याही रूढीचा झाला आहे, हें सांगणें आम्हांस भाग आहे.

आमचेंच उदाहरण देण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. वडील निवर्तल्यावर धाकट्या भगिनीचा दिवाळसण करण्याचा प्रसंग प्रथमच आमच्यावर आला. घरचें नांव राखावयाचें, या एका कल्पनेनें आम्हीं तीन पक्वान्नें योजिलीं, वीस माणसें यावयाचीं असतां चाळिसांचें सामान भरलें, आणि शेजाऱ्यांकडून चांदीचीं ताटें मागून आणिलीं. जांवई, व्याही व त्यांचे आप्त बारा वाजतां पाटावर बसले. आग्रह करकरून जिलब्या वाढल्या, विडे झाले, मंडळी लोडांस टेकली, आणि आम्हीं स्वतःस कृतकृत्य मानिलें. साडेतीनच्या सुमारास कांहीं कामानिमित्त स्वयंपाकघरांत डोकावलों, तों जिच्या नांवानें हा सण ती भगिनी, आमच्या मातोश्री, आणि पाहुण्या म्हणून आलेल्या विहीणबाई अशा तिघी निवलेला भात कालवून जेवीत होत्या. जिलब्या संपल्या होत्या. आणि मागील अंगणांत उष्ट्याच्या टोपलींत त्याच जिलब्या अर्ध्या खाऊन टाकलेल्या पडल्या होत्या. आम्ही ओशाळलेले पाहून भगिनी हंसून म्हणाली, "दादा, दिवाळसण जांवयाचा असतो." तिनें तें थट्टेनें म्हटलें, परंतु त्या वाक्यास उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या वकिलीच्या धंद्यांत एका किराणा दुकानदाराचें प्रकरण आमच्याकडे आलें होतें. थोरल्या कन्येच्या दिवाळसणास जांवयाच्या अंगठीसाठीं व व्याह्यांच्या आहेरासाठीं त्यानें दुकानांतील मालावर रक्कम उचलली. ती फिटली नाहीं तोंच दुसऱ्या कन्येचें लग्न आलें, आणि अखेर सावकाराची फिर्याद लागली. कागदांत कर्जाचें कारण 'व्यापाराकरितां' असें लिहिलेलें होतें. खरें कारण एका जेवणावळींतील प्रतिष्ठा हें होतें. अंगठी कोणीं मागितली होती काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मागितली नाहीं, पण विचारलें मात्र होतें." या 'विचारण्याचा' अर्थ आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

कायद्याची स्थिति काय आहे तीही सांगितली पाहिजे. हुंड्यास बंदी करणारा कायदा १९६१ सालीं झाला. लग्नाच्या वेळीं जें द्यावयाचें तेवढाच हुंडा, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. १९८४ व १९८६ सालच्या दुरुस्त्यांनंतर विवाहाच्या संबंधानें विवाहापूर्वीं, विवाहाच्या वेळीं किंवा विवाहानंतर केव्हांही दिलेली वा देण्याचें कबूल केलेली मालमत्ता हुंड्याच्या व्याख्येंत येते. आणि नुसती मागणी करणें हाही सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. केवळ रूढीनें दिलेली भेट म्हणजे हुंडा नव्हे, असा भेद सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं केला आहे, हें खरें. परंतु जी भेट न दिल्यास मुलीस सासरीं टोमणे ऐकावे लागतील ती रूढीची भेट म्हणावी कीं मागणीची, याचा निर्णय न्यायाधीशानें करण्यापूर्वीं प्रत्येक व्याह्यानें आपल्या मनाशीं करावा हें उत्तम.

तर मग दिवाळसण करूंच नये काय? असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. करावा, पण आधीं नीट योजून करावा. प्रथम दिवस ठरवावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं व्यापाऱ्याच्या घरीं वह्यांच्या पूजेची गडबड; भाऊबीजेस जांवयाची बहीण त्याची वाट पाहात असते; तेव्हां पाडवा सोयीचा. तोही अडत असेल तर भाऊबीजेनंतरचा कोणताही दिवस चालेल. बोलावण्याच्या पत्रांतच किती माणसें येणार हें विचारावें, आणि आहेर, सोनें, वस्त्र देणें-घेणें नाहीं, असें स्पष्ट लिहावें. तोंडानें बोलण्यास जें जड जातें तें कागदावर लिहिण्यास सोपें असतें.

दुसरें, पक्वान्न एकच असावें. सकाळीं अभ्यंगस्नान होऊन लाडू, करंज्या, चकल्या यांचा फराळ झालेलाच असतो. त्यावर दुपारीं तीन पक्वान्नें म्हणजे पोटावर जुलूम आणि अन्नाची नासाडी. वीस माणसांस एक किलो हरभऱ्याची डाळ व तितकाच गूळ घेतला असतां मध्यम आकाराच्या सुमारें तीस पुरणपोळ्या होतात. डाळीच्या कटाची आमटी होते, ती निराळी. वरणभात व ताकभात मिळून दोन किलो तांदूळ पुरे. एक भाजी, एक कोशिंबीर, चटणी, लोणचें, पापड, वर साजूक तूप व लिंबाची फोड. एवढ्यानें पान भरतें. श्रीखंड-पुरीचा बेत अनेकांस प्रिय आहे. परंतु पुऱ्या गरम वाढावयाच्या म्हणजे शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणीतरी स्त्री कढईपाशीं अडकलीच. पुरणपोळ्या सकाळीं करून ठेवितां येतात, हा त्यांतील मोठा गुण आहे.

आणि हाच आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे. पंगत एकच बसावी. वीस पानें एकदम मांडावीं. जिनें स्वयंपाक केला ती, जिचा सण ती, आणि जी विहीण म्हणून आली ती, या सर्वांनीं पुरुषांबरोबरच बसावें. वाढण्याचें काम यजमानानें व घरांतील मुलग्यांनीं करावें. घरांत विधवा आत्या किंवा काकू असेल तर तिनेंही ओवाळावें व पहिल्या पंगतींत बसावें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या खेड्याच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांसंबंधींच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनें त्याच महिन्यांत तो कित्ता सर्व ग्रामपंचायतींपुढें ठेविला. एका खेड्यास जें साधतें तें आपल्या शहरांतील सुशिक्षितांस साधूं नये काय?

कोणी म्हणतील, लोक काय म्हणतील? १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून ग्रामण्य माजलें. टिळक-रानड्यांसारख्यांचीं नांवें त्यांत गुंतलीं, आणि तो वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. आज त्याच शहरांत कोण कोणाबरोबर चहा पितो याची चौकशी करणारास लोक हंसतील. लोकांचें म्हणणें हें असें असतें. त्यास भिणारा मनुष्य नेहमीं पन्नास वर्षें मागें राहातो. ज्या राष्ट्रानें १९४७ सालीं परकी सत्ता झुगारून दिली, त्या राष्ट्रांतील गृहस्थानें शेजारच्या चार घरांच्या सत्तेखालीं कर्ज काढावें, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

जांवयांस व त्यांच्या वडिलांसही आमची एक विनंति आहे. यजमान भिडेनें खर्च करीत असेल तर त्याचा हात धरण्याचा अधिकार पाहुण्याचा आहे. "तुमच्या मुलीस आमच्याबरोबर पाटावर बसवा, तोच आमचा मान," एवढे शब्द व्याह्यांनीं उच्चारले तर कित्येक घरांतील कर्ज आणि कित्येक स्त्रियांची उपासमार टळेल. येत्या लक्ष्मीपूजनास आमचे व्यापारी बंधू नव्या वहीवर 'श्री' लिहितील. त्या वहींत दिवाळसणाच्या नांवें कर्जाची एकही ओळ पडूं नये, आणि पाडव्याच्या दिवशीं साडेतीन वाजतां त्यांच्या स्वयंपाकघरांत कोणी उपाशी नसावें, एवढीच आमची इच्छा आहे.