लग्नाच्या डीव्हीडीची कॉपी मोबाईलवर खराब दिसते? दोष नेमका कुठे आहे ते असा शोधा

आई-बाबांच्या लग्नाची डीव्हीडी बऱ्याच घरांत कपाटात पडून असते. आता लॅपटॉपलाही डीव्हीडी ड्राईव्ह येत नाही, म्हणून कुणाकडून तरी ती कॉपी करून घेतली जाते. आणि मोबाईलवर लावली की चित्र फाटलेलं, चेहरे लांबट, नाहीतर आवाजच गायब! माझ्याकडे नात्यातले लोक अशा फाईल्स घेऊन येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "डिस्क गेली का रे?" बऱ्याचदा डिस्क ठीक असते, गडबड पुढे कुठेतरी झालेली असते.

आधी ही तपासणी करा

कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट डिस्क लावून बघा. मग कॉपी केलेली फाईल तिथेच बघा. शेवटी तीच फाईल मोबाईलवर बघा.

- डिस्कवरच चित्र अडकतंय: दोष डिस्कचा किंवा ड्राईव्हचा.
- डिस्क चांगली, फाईल खराब: कन्व्हर्ट करताना गडबड झाली.
- फाईल कॉम्प्युटरवर चांगली, मोबाईलवर खराब: दोष प्लेअरचा, किंवा फाईल ज्या मार्गाने पाठवली त्याचा.

१. हलताना कंगव्यासारख्या रेषा दिसतात

अंतरपाट बाजूला होतो, लोक हात वर करून अक्षता टाकतात, आणि हातांच्या कडेला आडव्या रेषा दिसतात. याला इंटरलेसिंग म्हणतात. जुन्या टीव्हीसाठी कॅमेरा एका फ्रेममध्ये आधी एक सोडून एक ओळी घ्यायचा आणि उरलेल्या ओळी क्षणभराने. मोबाईलचा स्क्रीन दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या गोष्टी फाटतात. उपाय म्हणजे कन्व्हर्ट करताना डीइंटरलेस चालू ठेवणे. एकदा रेषांसकट फाईल बनली की त्या नीट काढणं अवघड जातं, म्हणून पुन्हा मूळ डिस्कपासूनच सुरुवात करा.

२. चेहरे लांबट किंवा चपटे दिसतात

आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, म्हणजे ७२० × ५७६ पिक्सेलची असते. पण हे पिक्सेल चौकोनी नसतात. चित्र ४:३ दाखवायचं की १६:९, ही माहिती वेगळी लिहिलेली असते. कन्व्हर्टरने ती सोडून दिली की नवरदेव एकदम जाडा नाहीतर एकदम बारीक! आधी व्हीएलसीमध्ये आस्पेक्ट रेशो बदलून बघा. चित्र सरळ झालं तर फाईल तशीच ठेवली तरी चालेल.

३. चौकोन चौकोन दिसतात

इथे बिटरेट कमी पडलेला असतो. अक्षता, फुलं, मिरवणुकीतली गर्दी अशा दृश्यांत प्रत्येक क्षणी सगळं बदलतं, त्यामुळे जास्त डेटा लागतो. "एका पेन ड्राईव्हमध्ये सगळं बसवून द्या" असं सांगितलं की हाच डेटा कापला जातो.

४. फक्त धूसर दिसतं

हा दोषच नाही. डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे ४.१५ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीमध्ये त्याच्या पाचपट. व्हीसीडी असेल तर ३५२ × २८८, म्हणजे फक्त एक लाखाच्या आसपास. त्यामुळे "एचडी करून देतो" म्हणणाऱ्याला जास्त पैसे देऊ नका. फाईल मोठी होईल, पण कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो तपशील परत येणार नाही.

५. आवाज नाही किंवा फाईलच चालत नाही

डीव्हीडीच्या व्हीओबी फाईल्समध्ये एमपीईजी-२ चित्र आणि बऱ्याचदा एसी-३ आवाज असतो. अनेक फोनच्या स्वतःच्या प्लेअरला हे झेपत नाही. मोबाईलवर व्हीएलसी टाका, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो.

पुन्हा कॉपी करायची तर अशी करा

डिस्क मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. एका ड्राईव्हमध्ये अडकली तर दुसऱ्यात लावून बघा, ड्राईव्ह बदलल्यावर चालणाऱ्या डिस्क मी पाहिल्या आहेत. मग व्हिडिओ_टीएस हा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉम्प्युटरवर घ्या. हाच तुमचा मूळ ठेवा.

त्यानंतर हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर उघडून तो फोल्डर निवडा. फिल्टरमध्ये डीकोंब किंवा डीइंटरलेस चालू करा. क्वालिटीचा आकडा म्हणजे आरएफ २० च्या आसपास ठेवा, आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. फ्रेम रेट मूळ आहे तोच ठेवा, आवाज एएसी करा आणि एमपी४ फाईल बनवा. आधी दोन मिनिटांचा तुकडा बनवून मोबाईलवर बघा, मग पूर्ण तीन तासांचं काम लावा.

नातेवाईकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो पुन्हा दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाईल जाते.

एक लक्षात ठेवा, हे सगळं आपल्या घरच्या डिस्कसाठी आहे. विकतच्या सिनेमांच्या डिस्कवर कॉपीराईट असतो आणि बहुतेकांना लॉकही.

घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर वर्षानुवर्षांनी खराब होतो आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. त्या व्हिडिओत आज घरात नसलेली माणसं हसता-बोलताना दिसतात, त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नसतो. म्हणून या सुट्टीत डिस्क शोधा, मूळ फोल्डरच्या दोन कॉपी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि डिस्कही फेकू नका.