मावशीला जन्म कुणी दिला?

संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे (1744–1819) गाव. त्या बाजूच्या जत्रांत ज्यांनी तमाशा पाहिला, त्यांना गवळणीतली मावशी ओळखीची आहे. पुरुषानेच लुगडे नेसून केलेले हे सोंग मथुरेच्या वाटेवर प्रत्यक्ष कृष्णाशी हुज्जत घालते. पण भागवतात ही मावशी शोधा बरं! सापडायची नाही. तिला जन्म दिला तो खेळणाऱ्यांनी. वगाचीही रीत अशीच. पूर्वी संवाद लिहून देत नसत; सरदार कथा सांगे, आणि सोंगाड्या ऐन वेळी तिच्यात रंग भरी.

आता एका वेगळ्या खेळाकडे वळू. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. चारपाच गडी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, फासे टाकून यशापयश ठरते. वाटेत भेटणारा वाणी, पहारेकरी, म्हातारी ही बाकीची माणसे बहुधा सूत्रधारच उभी करतो.

इथेच मेख आहे. समजा, हरिश्चंद्रगडावरच्या खजिन्याची गोष्ट चालली आहे. सूत्रधार म्हणाला, “पायथ्याच्या पाचनईवर दरोडा पडणार.” गडी म्हणतील, “पडू द्या, आम्ही निघालो गडावर!” त्यांचे तिथे कोण आहे? पण आधीच विचारले असते, “पाचनईत तुमचे कोणी आहे का?” तर एखादा म्हणाला असता, “माझी आत्या आहे. चोरवाट तिला ठाऊक. पण मी तिची म्हैस विकून पैसे उडवले, म्हणून ती बोलत नाही.” आता दरोड्याची बातमी येऊ द्या. तो गडी खजिना सोडून मागे फिरेल. आपण जन्म दिलेल्या माणसाची काळजी आपल्याला वाटतेच.

मग गड्यांना पूर्ण मोकळीक द्यावी का? नाही. नाव, नाते आणि एक इच्छा एवढे गड्याने सांगावे. त्या माणसाचे एखादे गुपित सूत्रधाराने राखावे. आत्याने वाट दाखवावी, पण फुकट नव्हे. नाहीतर प्रत्येक अडचणीला एकेक आत्या निघेल आणि खेळ संपेल! आणखी एक. आत्याचे बोलणे तिच्या भाच्याने बोलू नये; आपणच विचारायचे आणि आपणच उत्तर द्यायचे, यात गंमत नाही. ज्याचे पात्र त्या प्रसंगात नाही, अशा गड्याला आत्या करू द्यावी. म्हणजे तोही रिकामा बसत नाही.

सूत्रधाराला भीती वाटते, की गोष्ट आपल्या हातून जाईल. तिला थोडे जाऊ द्यावे. मावशी आली म्हणून कृष्णाचे काही कमी झाले नाही. उलट, त्याला अडवून जाब विचारणारे घरचे माणूस गावाला मिळाले. पुढच्या खेपेस खेळ मांडाल तेव्हा गोष्ट सुरू करण्यापूर्वी एवढेच विचारा: “या गावात तुमचे कोण आहे?”