न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मोटली

न्यायाधीश निःपक्षपाती असावा, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याने आयुष्यभर एखाद्या अन्यायाशी झुंज दिली, त्यानेच त्या अन्यायाच्या खटल्याचा निवाडा करावा काय? अमेरिकेतील न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. म्हणून वाचकांस त्यांचा परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

१४ सप्टेंबर १९२१ रोजी न्यू हेवन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरून आलेले, वडील स्वयंपाकी. मुलगी हुशार, पण कॉलेजच्या खर्चाची सोय नव्हती. एका सभेतील तिचे निर्भीड भाषण ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली या गोऱ्या उद्योजकाने तिच्या शिक्षणाचा भार उचलला. हा प्रसंग आम्हां शिक्षकांस विशेष मोलाचा वाटतो.

१९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले लढू लागल्या. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या 'ब्राउन' खटल्याच्या तयारीत त्यांचा वाटा होता. त्यांच्याच वकिलीमुळे १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठाचे दार उघडले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी १० खटल्यांत युक्तिवाद केला. पैकी ९ जिंकले.

१९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. त्या सभागृहातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संघीय न्यायाधीशपदासाठी त्यांचे नाव सुचविले. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांच्या विरोधामुळे मंजुरीस सात महिने लागले. अखेर त्या पदावर बसणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा मान त्यांना लाभला.

खरी कसोटी पुढेच होती. एका वकील महिलेने न्यूयॉर्कमधील एका मातब्बर वकिली संस्थेवर स्त्री-पुरुष भेदभावाचा दावा लावला, तो मोटली यांच्यापुढे आला. न्यायाधीश स्वतः स्त्री आहेत, हक्कांच्या लढ्यातील वकील होत्या. सबब त्यांनी खटल्यातून दूर व्हावे, असा अर्ज प्रतिपक्षाने केला. १९७५ मध्ये मोटली यांनी तो फेटाळला. वंश, लिंग अथवा पूर्वायुष्य हीच अपात्रता मानली, तर या न्यायालयातील एकाही न्यायाधीशास हा खटला ऐकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोऱ्या पुरुषाची दृष्टी तेवढी तटस्थ आणि इतरांची संशयास्पद, या समजुतीवरच त्यांनी बोट ठेवले.

१९८२ मध्ये त्या आपल्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्या निवर्तल्या, तोवर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून त्यांची सेवा चालूच होती. न्यायाधीशाने आपले आयुष्य विसरावे लागत नाही. समोरचा पुरावा मात्र प्रामाणिकपणे तोलावा लागतो, एवढे त्यांच्या चरित्रातून आम्ही शिकतो.