कृष्णाकाठ आणि समुद्रातील कासवे

वाळवा तालुक्यातील मुलांस समुद्र म्हणजे भूगोलाच्या नकाशातील निळा रंग. त्याचे रक्षण करावयाचे तर ते कोकणातील कोळ्यांनी करावे, असे पुष्कळांस वाटते. परंतु तोच नकाशा नीट पाहा. आपली कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, तेथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटर; तरी ती त्याकडे पाठ फिरवून, सुमारे १,४०० किलोमीटर चालून, आंध्र प्रदेशात हंसलदिवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते.

तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात. हीच जात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही येते. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, मागील पायांनी हातभर खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. ती उबविण्याचे काम वाळूकडे! त्यास ४५ ते ६० दिवस लागतात. पिलू नर होणार की मादी, हेही त्या उष्णतेवरच ठरते, हे केवढे नवल!

वेळासला पूर्वी ही अंडी माणसे खणून नेत. उरलेली कोल्हीकुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने अंडी कुंपणात सुरक्षित पुरण्यास आरंभ केला. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि अंड्यापेक्षा जिवंत पिलू गावास अधिक लाभाचे ठरले. नुसत्या उपदेशाने हे घडले असते, असे मला वाटत नाही.

समुद्रात मात्र धोका आहेच. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ते गुदमरते. म्हणून जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये काढली.

दुसरा धोका आपल्या ओढ्यांतून जातो. तरंगती प्लास्टिकची पिशवी कासवास जेलीफिशसारखी भासते. ती गिळली की पोटात अडकून बसते. आपल्या ओढ्यात टाकलेली पिशवी पहिल्या पुरात कृष्णेस मिळते. वाटेत आलमट्टी, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत खरी. परंतु प्लास्टिक कुजत नाही, झिजून त्याचे कण होतात, आणि सगळ्याच कणांस धरण थोडेच अडविणार?

आणि पूर्वेचा समुद्र निराळा, पश्चिमेचा निराळा, असेही नाही. २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे ०३२३३ क्रमांकाची खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. कोकणात येण्यापूर्वी तिला कृष्णा जेथे मिळते तो उपसागर पार करावा लागला होता.