हॉकीवर पोट भरते काय?

2005 सालच्या आरंभी नामपल्लीच्या स्थानकावर उतरणाऱ्या हॉकीप्रेमी प्रवाशास पुढे शहराच्या पश्चिमेस गच्चीबावलीचे मैदान गाठावे लागे. तेथे प्रीमियर हॉकी लीगचे पहिले पर्व चालू होते. पस्तीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी साडेसतरा मिनिटांचे चार भाग, संघांत परदेशी खेळाडू, आणि खेळण्याबद्दल रोख मोबदला, असा तो सारा थाट होता. अजिंक्यपद हैदराबाद सुलतान्सने मिळविले. मराठा वॉरियर्सचा कर्णधार होता छत्तिशी ओलांडलेला, पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले.

खेळल्याबद्दल पैसे मिळावेत, यात नवल ते कोणते? बर्फावरील हॉकीच्या जगात तर काहीच नाही. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग 1917 साली स्थापन झाली, आणि तेथील खेळाडू हा करारबद्ध व्यावसायिकच असतो. त्याची जागा मात्र कधीच पक्की नसते. क्लब त्याला कनिष्ठ लीगमध्ये धाडू शकतो किंवा दुसऱ्या क्लबाच्या हवाली करू शकतो. या लीगमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, कॅनडातील रॉबिन बावा, 1989 साली वॉशिंग्टनच्या संघातून बर्फावर उतरला. चार क्लबांतून मिळून त्याच्या वाट्यास अवघे एकसष्ट सामने आले. उरलेली कारकीर्द कनिष्ठ संघांतच गेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, दिल्लीतील आशिया चषक स्पर्धेत, धनराजने भारताच्या संघात पदार्पण केले. त्याचा मार्ग अगदी निराळा होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा तमिळ घरातला. वडील मैदानाची निगा राखणारे. मोडक्या काठ्या दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडांनी सराव केला. थोरला भाऊ रमेश मुंबईत खेळू लागला, त्याच्या पाठोपाठ धनराजही मुंबईस आला आणि महिंद्र कंपनीच्या संघात दाखल झाला. पुढे त्याने इंडियन एअरलाइन्सची नोकरी धरली. भारतातील हॉकीपटूच्या पोटाची व्यवस्था बहुधा अशीच होत आलेली आहे. रेल्वे, पोलीस, सेनादल, बँका, विमान कंपन्या त्याला नोकरीत घेतात. तो त्यांच्या संघाकडून खेळतो आणि वेतन मात्र नोकरीचे घेतो. या रीतीची निंदा करणे सोपे आहे. परंतु गुडघा दुखावला तरी महिन्याचा पगार चुकत नाही, ही सोय बावाच्या नशिबी कोठून असणार?

उणीव होती ती दुसरीकडे. देशासाठी खेळण्याचे मोल काय, हा प्रश्न नोकरीने सुटत नव्हता. डिसेंबर 1998 मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक जिंकले. 1966 नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, ते पुन्हा हाती लागले होते. कौतुक ओसरण्याच्या आतच त्याला आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. खेळाडू थकले असून त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत कारण सांगितले गेले. अपुरे भत्ते आणि मानधन यांविषयी कर्णधार उघडपणे बोलला, त्याचे हे फळ, असे लोकांनी मानले. ज्या संघाने पदक आणले त्यालाच विश्रांती, हा न्याय तसा चमत्कारिकच!

धनराज पुन्हा संघात आला आणि 2004 पर्यंत राहिला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा त्याच्या नावावर जमा झाल्या. दरम्यान उपजीविकेचा दुसरा रस्ता त्याने परदेशी क्लबांत शोधला: लंडनची इंडियन जिमखाना, फ्रान्समधील ल्यों, जर्मनीतील स्टुटगार्ट, मलेशिया, ढाक्याचा अबाहानी. काठी खांद्याला लावून हंगामी मजुराप्रमाणे देशोदेशी फिरावे, तेव्हा कोठे खेळाचा खरा मोबदला हाती पडे.

गच्चीबावलीत सुरू झालेली लीग 2008 नंतर बंद पडली. 2013 साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली. ती 2017 नंतर थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उभी राहिली. त्या वेळच्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर 78 लाख रुपयांची बोली लागली. धनराजच्या उमेदीच्या काळात हा आकडा ऐकून कोणीही हसले असते. हैदराबाद तूफान्स हा नवा संघ त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि 1 फेब्रुवारी 2025 रोजी बंगालच्या संघाकडून 4-3 असा हरला. स्पर्धेचे सामने मात्र ओडिशा आणि झारखंडमध्ये झाले. आपल्या शहराचा संघ पाहावयाचा तर नामपल्लीच्या रसिकास गाडीच पकडावी लागली असती.